सहासष्टपैकी किती?

मानसोपचाराचा तास बंद दाराआड होतो. आत एकजण बोलतो, दुसरा ऐकतो, मधूनच काही विचारतो. पाऊण तासाने दार उघडतं आणि माणूस बाहेर येतो. आत जे घडलं ते उपचार होते की नुसत्याच गप्पा, हे कोणी कसं सांगायचं? हाडाच्या डॉक्टरकडे एक्स-रे असतो, हृदयाच्या डॉक्टरकडे ईसीजीची पट्टी असते. बोलण्याची पट्टी कुठून काढायची?

ती काढता येते. १९८० साली फिलाडेल्फियात जेफ्री यंग आणि ॲरन बेक यांनी एक कोष्टक तयार केलं. त्यात अकरा मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते सहा गुण, म्हणजे एकूण ६६. थेरपिस्टच्या एका सेशनचं रेकॉर्डिंग तज्ज्ञ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि गुण देतो. ४० किंवा त्याहून जास्त मिळाले तर या थेरपिस्टला ही पद्धत येते, असं मानण्याचा प्रघात आहे. ही पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, सगळे जिला सीबीटी म्हणतात ती.

त्या अकरा मुद्द्यांत गूढ असं काहीच नाही. आज कशावर बोलायचं हे दोघांनी मिळून ठरवलं का? गेल्या वेळचा गृहपाठ पाहिला का, नवा दिला का? समोरच्याचं म्हणणं नीट समजलं का? वेळ भरकटू न देता वापरला का? उपदेश केला, की प्रश्न विचारत विचारत समोरच्यालाच उत्तरापर्यंत जाऊ दिलं? ‘आजचं कसं वाटलं, काही खटकलं का?’ असं विचारलं का? मला तर यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं, की यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट खुर्चीत बसलेल्या रुग्णालाही दिसते. तज्ज्ञाचं कोष्टक हातात नसलं तरी कुठे बघायचं ते कळलं, की आपल्याला योग्य असा थेरपिस्ट शोधणं नशिबावर सोडायची गरज उरत नाही.

इतकी उघडी, तपासून घेण्याजोगी पद्धत आली कुठून, हे बघण्यासारखं आहे. बेक मुळात फ्रॉइडच्या परंपरेत तयार झालेले मनोविश्लेषक होते. नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हा त्या परंपरेचा सिद्धांत. तो पक्का करावा म्हणून त्यांनी नैराश्यग्रस्त रुग्णांची स्वप्नं तपासायला घेतली. स्वप्नांत राग सापडेना. सापडलं ते गमावणं, हरणं, नाकारलं जाणं. त्याच सुमारास एक रुग्ण कोचावर पडून आपल्या खासगी आयुष्याबद्दल मोकळेपणाने बोलत होती. बोलताना तिला अस्वस्थ वाटत होतं. बेकनी शिकल्याप्रमाणे त्या अस्वस्थतेचा अर्थ लावून दाखवला. तिने सांगितलं की खरं तर बोलताना सगळा वेळ तिच्या मनात एकच चाललं होतं, ‘मी यांना कंटाळा आणतेय.’ म्हणजे तोंडाने एक बोलणं चालू होतं आणि त्याच वेळी आत दुसरं, भराभर, कोणी न विचारता. बेकनी मग इतर रुग्णांना विचारायला सुरुवात केली आणि तो दुसरा प्रवाह जवळपास सगळ्यांकडे निघाला. याच विचारांना पुढे ‘स्वयंचलित विचार’ असं नाव मिळालं. ते आपल्याला आलेले कळतही नाहीत, मागे ठेवून गेलेली भावना तेवढी कळते.

आपला सिद्धांत सिद्ध करायला बसलेल्या माणसाने पुरावा उलट आला म्हणून सिद्धांतच सोडून द्यावा, हे दुर्मीळ आहे. सीबीटीचा सगळा स्वभाव त्या एका कृतीत आहे. विचार हा दावा समजायचा आणि पुरावा मागायचा. १९७९ साली बेक आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या उपचाराचं पुस्तकच काढलं. कोणत्या सेशनला काय करायचं हे त्यात इतकं स्पष्ट होतं, की दुसऱ्या गावातला थेरपिस्ट ते वाचून, शिकून तसंच करू शकेल आणि तिसरा कोणी ते तपासू शकेल. बेक शंभर वर्षं जगले, २०२१ साली गेले.

आता प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते जरा जवळून बघू. समजा, ठाण्याहून सीएसएमटीला रोज लोकलने जाणारी एक बाई आहे. एके दिवशी मुलुंड गेल्यावर गाडी मध्येच थांबते. तिच्या छातीत धडधड सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ‘हार्ट अटॅक येतोय’ असा विचार येतो आणि धडधड दुप्पट होते. घाटकोपरला ती उतरते. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला. पण त्या दिवसापासून ती दाराजवळच उभी राहते, पाण्याची बाटली हातातून सोडत नाही, एकटी असली की फास्ट लोकल टाळते. घरच्यांना वाटतं, बाई सावरली. आजार तिथेच असतो, कारण रोज सुखरूप पोहोचल्याचं श्रेय ती बाटलीला देत राहते.

ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या चक्राचा नकाशा मांडला. शरीरात काहीतरी साधं होतं, त्याचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने शरीर आणखी उसळतं आणि तो भयंकर अर्थ खराच वाटू लागतो. पॅनिक अटॅकची सीबीटी येणारा थेरपिस्ट ‘घाबरू नका’ म्हणत बसत नाही. हृदय, दमा, फिट्स यांबद्दल डॉक्टरांकडून खात्री झाली, की तो एखाद्या सेशनला म्हणतो, “आपण दोघं मिळून एक मिनिट जोरजोरात श्वास घेऊ या.” आणि तोही तिच्याबरोबर घेतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मिनिटभरात मुंग्या, हलकं डोकं, धडधड हे सगळं त्या खुर्चीतच येतं.

“लोकलमध्ये होतं ते हेच का?”

“हो... हेच.”

“आत्ता हे कशामुळे झालं?”

या प्रश्नानंतर बऱ्याचदा थोडा वेळ कोणी बोलत नाही. जिच्या भीतीने महिनोन्महिने रस्ता बदलला, ती गोष्ट आपल्याच श्वासाने मिनिटात आणता येते आणि मिनिटात जाते, हे तिला कोणी सांगितलेलं नाही, तिने करून पाहिलंय. मग गृहपाठ ठरतो. आधी स्लो लोकल, मग फास्ट, मग बाटलीशिवाय, मग डब्याच्या मध्यभागी. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी वहीत लिहायचं, ‘मला काय होईल असं वाटतंय’, आणि पोहोचल्यावर लिहायचं, ‘काय झालं’.

थेरपिस्ट शोधणाऱ्याच्या कामाची पहिली गोष्ट इथेच आहे. प्रत्येक त्रासासाठी सीबीटीची चाल वेगळी असते, कधी कधी तर अगदी उलटी. मंत्रचळाचं उदाहरण घ्या. गॅस बंद केला का, हात स्वच्छ झाले का, हे पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसाला ‘हो, बंद आहे, काही होणार नाही’ असा प्रेमळ दिलासा देत राहिलं, तर क्षणभर बरं वाटतं आणि आजाराची पकड घट्ट होते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली वेगळी वाट धरली. नको वाटणाऱ्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नंतरची धुण्याची, तपासण्याची क्रिया करायची नाही. भीती चढते, शिगेला जाते, आणि काहीही न करता उतरते. या पद्धतीला ईआरपी म्हणतात. मंत्रचळासाठी सीबीटी हवी असेल तर ‘ईआरपी करता का?’ हा एक प्रश्न फोनवरच विचारावा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा नंबर लावावा, असं मी स्पष्टच म्हणेन. थेरपिस्ट कितीही मायाळू असला तरी नुसता दिलासा देणारा माणूस या आजारात उपयोगाचा नाही.

झोप न येणाऱ्यांना तर ही पद्धत अंथरुणावर कमी वेळ घालवायला सांगते. आठ तास कूस बदलत पडून साडेपाच तास झोप मिळत असेल, तर सुरुवातीला अंथरुणात जायचंच उशिरा. झोपेची भूक साठते, पलंग आणि जागरण यांची गाठ सुटते, मग वेळ हळूहळू वाढवायचा. जुनाट निद्रानाशासाठी प्रौढांना आधी हाच उपचार द्यावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सांगितलं, गोळ्यांच्याही आधी. आणि चारचौघांत बोलायची धास्ती असलेल्यांना काही थेरपिस्ट त्यांचंच बोलतानाचं चित्रीकरण दाखवतात. ‘माझा चेहरा लालबुंद झाला होता, हात थरथरत होते’ अशी ज्याची खात्री असते, तो पडद्यावर स्वतःला बघतो आणि गप्प होतो, कारण तिथे जरासा अवघडलेला एक सामान्य माणूस बोलत असतो.

म्हणून ‘चांगला सीबीटी थेरपिस्ट कोण?’ हा प्रश्न अर्धा आहे. ‘माझ्या या त्रासावर काम केलेला कोण?’ असा तो पुरा होतो.

चालीइतकाच ढंगही वेगवेगळा असतो. १९६५ साली अमेरिकेत एक शैक्षणिक चित्रपट निघाला. त्यात एकच स्त्री तीन नामवंत थेरपिस्टांशी आळीपाळीने बोलते. कार्ल रॉजर्स बहुतांशी ऐकतात. फ्रिट्झ पर्ल्स तिला डिवचतात. अल्बर्ट एलिस भराभर समजावतात, तिच्या समजुतींशी वाद घालतात. बाई तीच, खोली तशीच, आणि तास मात्र तीन निराळे. यातले एलिस सीबीटीच्या कुळातले, खरं तर बेकच्याही आधीचे. आपल्या पद्धतीची मांडणी त्यांनी १९५५ पासून केली. तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरतो म्हणून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर शंभरावर अनोळखी स्त्रियांशी बोलायचा नेम त्यांनी स्वतःलाच घालून घेतला होता. त्यांच्या पद्धतीत हा बेधडकपणा पुरेपूर उतरला.

मराठी माणसाला एलिस परके नाहीत. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली, इथे शिकवली, मराठीत लिहिली. ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ हे नाव आपल्याकडे रुजलं त्यात त्यांचा वाटा मोठा. न्यूयॉर्कच्या एलिस संस्थेचे ते पहिले भारतीय फेलो आणि सुपरवायझर. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीच लिहिली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच संस्थेमुळे हा विचार शाळा-महाविद्यालयांपर्यंत गेला. त्यामुळे महाराष्ट्रात सीबीटी शोधताना एलिसच्या परंपरेतला थेरपिस्ट भेटण्याची शक्यता बरीच असते. एलिसचा माणूस समजुतीवर थेट बोट ठेवतो. बेकचा माणूस प्रश्न विचारत पुरावा गोळा करतो. कोणाला पहिलं मानवतं, कोणाला दुसरं. घरात आयुष्यभर टीका ऐकून आलेल्याला थेट वादाचा तास जड जाऊ शकतो, आणि गोल गोल प्रश्नांनी वैतागणारी माणसंही असतात. पहिल्या भेटीत हे विचारायला काहीच हरकत नाही.

आता गोव्याकडे वळतो, कारण थेरपिस्टच्या पदव्यांबद्दलची आपली समजूत तिथे हलली. सांगाथ ही गोव्याची संस्था. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. सीबीटीच्या कुळातला, माणसाला हळूहळू पुन्हा कामात, भेटीगाठींत आणणारा सहा ते आठ भेटींचा उपचार त्यांनी बेतला. तो द्यायला मानसशास्त्राची पदवी घेतलेले लोक नेमले नाहीत. किमान दहावी झालेली, याआधी हे काम कधी न केलेली स्थानिक माणसं निवडली आणि प्रशिक्षण देऊन तयार केली. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते. केवळ डॉक्टरांच्या नेहमीच्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

हे कसं शक्य झालं? एक कारण आपण सुरुवातीला पाहिलंच आहे. ही माणसं आपल्या सेशनचं रेकॉर्डिंग एकमेकांना ऐकवत आणि ठरलेल्या कोष्टकावर एकमेकांना गुण देत. आपलं काम कोणाला तरी ऐकू देणारा माणूस सुधारत जातो. म्हणून थेरपिस्टला विचारण्याजोगा, आणि क्वचितच विचारला जाणारा, प्रश्न हा: ‘तुम्ही तुमच्या केसेसबद्दल कोणा सीनियरशी चर्चा करता का?’ नाव गुप्त ठेवून सुपरव्हिजन घेणं ही चांगल्या थेरपिस्टची खूण आहे. त्यात त्याला कमीपणा वाटायचं कारण नाही.

याचा अर्थ पदवी बघू नये असा अजिबात नाही. गोव्यातल्या त्या माणसांमागे प्रशिक्षण, कोष्टक, देखरेख आणि गरज पडल्यास डॉक्टर असं सगळं उभं होतं. एकट्याने दुकान थाटलेल्या माणसामागे यातलं काही असेलच असं नाही, आणि आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची गोष्ट वेगळी. १९९२च्या कायद्याने त्यांना रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागावा. मागितल्यावर रागावणारा थेरपिस्ट तिथेच नापास. औषधं लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाला, म्हणजे सायकियाट्रिस्टला असतो. बायपोलर आजार असेल, भास होत असतील, तर आधी त्याच्याकडे जावं, सीबीटी नंतर जोडीला येते.

नोंदणी तुम्हाला शिक्षण सांगते. जुळतंय की नाही ते सांगत नाही. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली या जुळण्याचे तीन धागे सांगितले. कुठे पोहोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि परस्परांवर विश्वास. पुढे शेकडो अभ्यासांत हे दिसलं, की हे तीन धागे जितके घट्ट तितका गुण चांगला येतो. तेव्हा तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारावं, आम्ही नक्की कशावर काम करतोय हे मला एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर थेरपिस्टला तसं सांगावं. ते ऐकून तो काय करतो, यावरून पुढचा निर्णय आपोआप होतो.

आणि आकडे. नुसत्या अंदाजावर विसंबण्याचा धोका किती, याचा अमेरिकेतला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. थेरपिस्टांना त्यांच्या ५५० रुग्णांबद्दल विचारलं, यातल्या कोणाची प्रकृती उपचारानंतर खालावलेली असेल? त्यांनी तिघांची नावं सांगितली. प्रत्यक्षात ४० जणांची खालावली. ही माणसं निष्काळजी नव्हती. समोरच्याचं बरं व्हावं असं मनापासून वाटणाऱ्याला त्याचं बिघडणं लवकर दिसत नाही, इतकंच. उपाय साधा आहे. नैराश्यासाठी पीएचक्यू-नाइन ही नऊ प्रश्नांची यादी आहे, चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-सेव्हन. दोन-तीन मिनिटांत भरून होते. इंग्लंडच्या सरकारी सेवेत २००८ पासून रुग्णांकडून अशी यादी दर भेटीला भरून घेतात. तुमचा थेरपिस्ट असं काही मोजत असेल तर तो तुमच्या बाजूने स्वतःचीच परीक्षा घेतोय असं समजा. मोजत नसेल तर तुम्ही वहीत लिहून ठेवा आणि सहा-आठ भेटींनंतर दोघांनी मिळून तो कागद बघा. या उपचाराला साधारण बारा ते वीस भेटी लागतात. आठ भेटींत तसूभर फरक नसेल, तर योजना बदलायची की माणूस, हे उघडपणे बोलायची वेळ झाली.

भाषेबद्दल मात्र मी आग्रही आहे. तो दुसरा, आतला प्रवाह बहुतेकांच्या मनात घरच्या भाषेत वाहतो. ‘लोक काय म्हणतील’, ‘माझ्याच्याने नाही होणार’ हे विचार आले तसे पकडायचे असतात, सभ्य करून नाही. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्यानेही ‘सेशन मराठीत चालेल ना?’ हे विचारून घ्यावं. पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्यांना, परदेशातल्या मराठी माणसांना आता व्हिडिओवर मराठीतून बोलणारा थेरपिस्ट मिळू शकतो. फीचंही तसंच, पहिल्याच फोनवर विचारा. परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायला हवा, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. आपल्या पॉलिसीचे कागद काढून त्यात ओपीडी भेटी येतात का ते बघा.

एकाच फोनवर ठरवू नका. दोन-तीन थेरपिस्टांशी बोला, तेच चार प्रश्न प्रत्येकाला विचारा: माझ्या त्रासावर काम केलंय का, नेमकं काय करता, गृहपाठ देता का, सुधारणा कशी मोजता. उत्तरं कागदावर शेजारी शेजारी लिहिली की फरक डोळ्यांना दिसतो.

आणि जीव द्यावासा वाटत असेल, तर हा सगळा शोध आज बाजूला ठेवा. घरातल्या कोणाला तरी सांगा आणि १४४१६ हा नंबर लावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.